फिरत्या घराची शेगडी: गॅस घ्यावा तर कोणता?

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये गेल्या पावसाळ्यात माझ्या मित्राची ट्रॅव्हलर उभी होती. सीटा काढून झाल्या होत्या, पलंगाची चौकट बसली होती, ओट्यासाठी हलकी फळी कापून आणली होती. पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि मित्र, मिस्त्री आणि मी असे आम्ही तिघं तासभर एकाच प्रश्नावर अडून बसलो होतो: गाडीत गॅस कसा घ्यायचा? मित्राचा मोठा भाऊ इंग्लंडात असतो. त्याच्या मोटरहोमला पुन्हा भरता येणारी गॅसटाकी आहे. पंपावर जायचं, गाडीच्या कुशीतलं झाकण उघडून नोझल लावायचं आणि टाकी भरून निघायचं. त्याचा व्हिडिओ मित्राच्या मोबाइलवर होता.

"दादाला जमतं तर आपल्याला का नाही?" मित्र म्हणाला.

"त्यात काय एवढं," मिस्त्री म्हणाला. "गाड्यांना एलपीजी किट असतं ना, तशी टाकी खाली बांधू आणि तिलाच शेगडीची नळी जोडू."

मिस्त्रीचा हात कसबी आहे आणि त्याने हे मदतीच्या भावनेनेच सुचवलं. पण त्या एका वाक्यात जिवावर बेतणाऱ्या चुका होत्या. त्या शोधता शोधता हा सगळा विषय आमच्यापुढे उलगडत गेला. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तेव्हापासून कोकणच्या रस्त्यांवर राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाड्या दिसू लागल्या आहेत, आणि हौसेने स्वतःची गाडी सजवून घेणारेही वाढले आहेत. त्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो. म्हणून हा आढावा.

तिकडे ही टाकी का आली

युरोपात पुन्हा भरता येणारी टाकी रुजली ती तिथल्या गरजेतून. थंडीत गाडीतला हीटर रात्रभर चालतो. आंघोळीचं पाणी गॅसवर तापतं, पुष्कळ गाड्यांमध्ये फ्रिजही गॅसवर चालतो. कडाक्याच्या थंडीत अकरा किलोचा सिलिंडर चार-पाच दिवसांत संपू शकतो. त्यात प्रत्येक देशाचे सिलिंडर वेगळे, त्यांचे रेग्युलेटर वेगळे. इंग्लंडचा रिकामा सिलिंडर फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही. यावर तोडगा म्हणून गॅसलो, अलुगॅस यांसारख्या कंपन्यांनी गाडीतच राहणारे आणि पंपावर भरता येणारे सिलिंडर आणले. कुणी गाडीच्या खाली चेसिसला बांधलेली मोठी टाकी बसवून घेतं. युरोपभर पंपांवर चार प्रकारची नोझलं आहेत, म्हणून ही मंडळी जोडण्यांची एक लहानशी पेटी सोबत ठेवतात.

या टाकीचा प्राण म्हणजे तिच्यातला ऐंशी टक्क्यांचा व्हॉल्व्ह. टाकी ऐंशी टक्के भरली की तो आपोआप बंद होतो. टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि ऊन लागलं की द्रव फुगतो. वरची वीस टक्के मोकळी जागा त्या फुगण्यासाठी असते. ती उरली नाही, तर फुगणारा द्रव थेट टाकीच्या भिंतीवर रेटा देतो आणि तो रेटा कोणत्याही पत्र्याला पेलत नाही. रिफिल पद्धतीचं बाकी सगळं सोयीचं असलं, तरी ती सुरक्षित ठरते ती या व्हॉल्व्हमुळे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आपली गरज किती

कोणतीही यंत्रणा निवडण्याआधी आपल्याला रोज किती गॅस लागतो ते मोजायला हवं. कोकणात हीटर लागत नाही. फ्रिज बॅटरीवर चालतो. आंघोळीला बादलीभर कोमट पाणी पुरतं. उरतो तो स्वयंपाक.

एक किलो एलपीजीमध्ये सुमारे १२.८ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. दोन किलोवॅटचा बर्नर पूर्ण मोठा ठेवला तर तासाला साधारण १५५ ग्रॅम गॅस जळतो. दोघांचा चहा, नाश्ता, एक वेळचा भात-आमटी आणि रात्रीची भाकरी धरून दिवसाला दीड तास बर्नर चालला, असं मानू. रोज सुमारे २३५ ग्रॅम. म्हणजे पाच किलोचा सिलिंडर एकवीस दिवस पुरतो. प्रत्यक्षात बर्नर बराच वेळ बारीक असतो, त्यामुळे तो महिनाभरही जातो.

हा हिशेब शेडमधल्या फळीवर खडूने मांडला आणि आमच्या चर्चेचा सूरच बदलला. मिरजोळ्याहून निघून गणपतीपुळे, गुहागर, दापोली करत हरिहरेश्वरपर्यंत जाऊन परत यायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्याला अर्धा सिलिंडर पुरतो. चेसिसखाली पन्नास लिटरची टाकी बांधण्याचं कारण आपल्या हवामानात आणि आपल्या प्रवासात नाही. अपवाद लेह-लडाखच्या वाटेला लागणाऱ्यांचा. आपल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही वायुरूप होतो, ब्युटेन मात्र शून्याच्या किंचित खाली गेला की द्रवच राहतो. त्यामुळे तिकडच्या पहाटे सिलिंडरमध्ये गॅस असूनही ज्योत मंदावते. कोकणात ही अडचण येत नाही.

पर्याय पहिला: इंजिनाची एलपीजी टाकी

आता मिस्त्रीच्या सूचनेकडे. २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि एलपीजी हे वाहनाचं इंधन म्हणून अधिकृत झालं. त्यासाठीची टाकी, तिचा व्हॉल्व्ह, तिची चाचणी या सगळ्यांची मानकं ठरलेली आहेत. पण ती टाकी इंजिनासाठी बनलेली असते. इंजिनाला गॅस द्रवरूपात दिला जातो. टाकीतली नळी तळापर्यंत जाते आणि द्रव उचलते. पुढे इंजिनाच्या गरम पाण्यावर त्याची वाफ होते. शेगडीला मात्र वाफच हवी असते आणि ती टाकीच्या वरच्या भागातून घ्यावी लागते. इंजिनाच्या टाकीला शेगडी जोडली तर रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो. तोच द्रव बर्नरपर्यंत पोचून वाफ झाला की अडीचशे पटींहून अधिक फुगतो. बोटभर ज्योतीच्या जागी हातभर भडका उठतो.

दुसरी चूक कायद्याची. गाडीला जे किट मंजूर होतं ते इंधनासाठी. त्यातून स्वयंपाकाची जोडणी काढणं म्हणजे मंजुरी नसलेला बदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही इथेच अडतो. आणि सुटा सिलिंडर घेऊन ऑटो एलपीजी पंपावर गेलात, तर तो भरून देण्याची पंपाला मुभा नाही. दादाच्या व्हिडिओतली सोय आपल्याकडे नाही, त्यामागे हे कारण आहे.

सीएनजीचंही लगे हाथ सांगतो, कारण रत्नागिरीत सीएनजी मिळू लागल्यापासून हा प्रश्न बरेच जण विचारतात. गाडीतला सीएनजी सुमारे दोनशे बार दाबाखाली असतो. शेगडीला लागतो तो दाब त्याच्या हजारो पट कमी. गाडीच्या टाकीतून शेगडी पेटवण्याचा विचार मनातूनच काढून टाकावा.

पर्याय दुसरा: बाजारात "भरून मिळणारा" छोटा सिलिंडर

हा पर्याय सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत धोक्याचा आहे. भांड्यांच्या दुकानात दोन-तीन किलोचा, वरच बर्नर बसवलेला सिलिंडर मिळतो. तो घरगुती सिलिंडर उलटा करून, नळी लावून भरून दिला जातो. गड चढणारे, खोलीवर राहणारे विद्यार्थी, ट्रकवाले असे सगळे तो वापरतात, म्हणून तो चालतोच असं वाटतं.

एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस काढणं एलपीजी पुरवठ्याच्या २००० सालच्या आदेशाने निषिद्ध आहे. भारतात गॅस सिलिंडरना मान्यता देते ती पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. बाजारातल्या या सिलिंडरांपैकी अनेकांवर कसलीच मान्यतेची खूण नसते. आणि कायदा घडीभर बाजूला ठेवला, तरी मघाचा ऐंशी टक्क्यांचा मुद्दा आठवा. उलटा करून भरलेल्या सिलिंडरमध्ये द्रव किती गेला ते कुणालाच ठाऊक नसतं. काठोकाठ भरलेला सिलिंडर एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत राहिला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. स्वतःच्या हाताने "रिफिल" करण्याचा हा मार्ग मित्राला मी हात जोडून नाकारायला लावला. वाचकांनाही तीच विनंती.

पर्याय तिसरा: घरचा लाल सिलिंडर

"घरी दोन आहेत, एक टाकू गाडीत," हे वाक्यही ओळखीचं. घरगुती जोडणीचा १४.२ किलोचा सिलिंडर त्या घराच्या स्वयंपाकासाठीच दिलेला असतो. शिवाय तो भरलेला सुमारे तीस किलोचा होतो. घाटात ब्रेक दाबला की तीस किलोचं लोखंड कुठे जाईल, याचा विचार करा. उंचीमुळे तो ओट्याखाली उभा मावत नाही, म्हणून काही जण आडवा ठेवतात. आडव्या सिलिंडरच्या तोंडाशी द्रव येतो आणि वर सांगितलेला भडक्याचा धोका इथेही उभा राहतो. सिलिंडर नेहमी उभाच असला पाहिजे.

पर्याय चौथा: पाच किलोचा, बदलून मिळणारा

आपल्याकडची खरी "रिफिल" पद्धत ही आहे. भरायचं काम कंपनीच्या प्लांटमध्ये, वजन करून आणि तपासणी होऊन. आपण फक्त रिकामा द्यायचा आणि भरलेला घ्यायचा. २०१३ पासून सरकारी तेल कंपन्या पाच किलोचा सिलिंडर घरगुती जोडणीशिवाय, खुल्या दराने देतात. इंडेनने त्याचं नाव "छोटू" ठेवलं, हिंदुस्थान पेट्रोलियमचा "अप्पू". पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. एकदा घेतला की त्याच कंपनीच्या विक्रीकेंद्रावर, मग ते दुसऱ्या जिल्ह्यात असो की दुसऱ्या राज्यात, बदलून मिळतो. युरोपातल्या माणसाला जी अडचण देशागणिक येते, ती आपल्याला इथे येत नाही. दर घरगुतीपेक्षा जास्त पडतो, पण महिन्याला एक सिलिंडर या हिशेबाने तो सहलीच्या खर्चात जाणवतही नाही.

२०२१ मध्ये इंडेनने कॉम्पोझिट सिलिंडर आणला, पाच आणि दहा किलोंचा. आत जाड प्लास्टिकचं अस्तर, त्याभोवती काचतंतूंचा वेढा आणि वर पुन्हा प्लास्टिकचं कवच. लोखंडी सिलिंडरच्या तुलनेत तो निम्म्या वजनाचा असतो. कोकणासाठी त्याचे दोन गुण मोलाचे आहेत. पहिला, तो गंजत नाही. खाऱ्या हवेत लोखंडी सिलिंडरची बैठक दोन पावसाळ्यांत तांबडी होते आणि गाडीच्या फळीवर गंजाचं कडं उमटतं. दुसरा, उजेडासमोर धरला की आतली द्रवाची पातळी दिसते. गॅस किती उरला हे हलवून बघायची गरज राहत नाही. मात्र घेण्याआधी आपल्या वाटेवर तो कुठे बदलून मिळतो याची वितरकाकडे चौकशी करा. लोखंडी पाच किलोचा मिळण्याची ठिकाणं जास्त आहेत.

पर्याय पाचवा: गॅसच नको

हा पर्याय आता खराखुरा झाला आहे. इंडक्शनची कार्यक्षमता गॅसच्या शेगडीपेक्षा बरीच जास्त. वरच्या हिशेबातला दीड तासाचा स्वयंपाक विजेवर करायला साधारण सव्वादोन युनिट लागतील. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी अडीच युनिटच्या आसपास देते. म्हणजे एका दिवसाचा स्वयंपाक आणि बॅटरी रिकामी. दीड किलोवॅटचं इंडक्शन बारा व्होल्टवर सव्वाशे अँपिअरहून जास्त करंट ओढतं; त्याला बोटाएवढी जाड केबल, योग्य फ्यूज आणि चांगला इन्व्हर्टर लागतो.

छतावरच्या सौर पॅनलवर ही बॅटरी जानेवारीत भरेलही. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. त्या ढगांखाली पॅनलवर स्वयंपाक होत नाही. जे मुक्काम कॅराव्हॅन पार्कमध्ये किंवा कृषी पर्यटन केंद्रात करतात, जिथे रात्री प्लग मिळतो, त्यांनी इंडक्शन जरूर घ्यावं. जे किनाऱ्यावर, माळावर, ओळखीच्या अंगणात थांबतात, त्यांना गॅस लागणारच.

सिलिंडरइतकाच महत्त्वाचा कप्पा

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही; पाण्यासारखा खाली उतरतो आणि खळग्यात साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळच्या आंजणारी पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि मुंबई-गोवा महामार्ग कित्येक तास बंद ठेवावा लागला. ते दिवस रत्नागिरीकरांना आठवत असतील. गाडीचा हौद त्या नदीपात्रापेक्षा कितीतरी लहान आहे, म्हणून थोड्याशा गळतीनेही तो लवकर भरतो.

म्हणून सिलिंडरचा कप्पा गाडीच्या आतल्या भागापासून पूर्ण बंद, दार बाहेरून उघडणारं आणि तळाला थेट रस्त्याकडे उघडी भोकं, अशी रचना हवी. युरोपीय मानकात भोकांचं क्षेत्रफळ कप्प्याच्या तळाच्या किमान दोन टक्के आणि शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी नसावं असं आहे. तळहाताएवढं म्हणा. ही भोकं चाकाच्या चिखलाने बुजत नाहीत ना, तेही पाहायचं.

मिरजोळ्याच्या शेडमध्ये कप्पा तयार झाल्यावर आम्ही त्याची परीक्षा घेतली ती पाण्याने. सिलिंडर न ठेवता कप्प्यात बादलीभर पाणी ओतलं. गॅस खाली जाताना पाण्याच्याच वाटेने जातो, हा विचार. पहिल्या बादलीला तीन धारा खाली जमिनीवर पडल्या आणि चौथी पलंगाखालून आत आली. जोडणीच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकाभोवती सीलंट लावायचं राहिलं होतं. मिस्त्री कितीतरी वेळ त्या ओल्या रेषेकडे बघत राहिला. मग स्वतःच सीलंटची नळी घेऊन आत शिरला. दुसऱ्या दिवशीच्या बादलीला सगळं पाणी खाली गेलं. त्यानंतर सिलिंडर ठेवून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा कुठेच आला नाही.

बाकीची यादी थोडक्यात. सिलिंडर पट्ट्याने दोन ठिकाणी बांधलेला असावा. रबरी नळी आयएसआय खुणेची, आखूड, आणि पाच वर्षांनी बदललेली. शेगडी घेताना ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी घ्या. आपल्या घरगुती शेगड्यांत ही सोय सहसा नसते आणि चालत्या वाऱ्यात बर्नर विझणं गाडीत नेहमीचं आहे. गॅस गळतीचा अलार्म जमिनीलगत, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपताना नाकाच्या उंचीवर. सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवरचं अक्षर आणि आकडा वाचा. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, पुढे वर्ष. ती मुदत उलटलेला सिलिंडर परत करा.

आणि शेगडीवर ऊब घेत झोपू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृत आढळले. जनरेटरमधून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा घात केला होता. त्या वायूला वास नसतो. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईच्या रेल्वे यार्डात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. दोन्ही ठिकाणी वाहन उभं होतं. गाडी थांबली म्हणजे धोका टळला, असं होत नाही.

रस्त्यावर एकच नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ: इंजिन सुरू करण्याआधी सिलिंडरचा नॉब बंद. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर चढताना, पेट्रोल पंपावर वळताना, तो बंद असल्याची पुन्हा खात्री करा. वास आला तर कोणतंही बटण न दाबता बाहेर पडा, नॉब बाहेरून बंद करा आणि लांब जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा.

निवड

कोकणात आणि महाराष्ट्रात फिरणाऱ्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे. पंपावर भरायच्या टाकीचा नाद सोडावा. तिची आपल्याला गरज नाही आणि स्वयंपाकासाठी ती वापरण्याचा अधिकृत मार्गही नाही. पाच किलोचे दोन सिलिंडर घ्यावेत, एक जोडलेला आणि एक राखीव. दोन्ही त्याच बंद कप्प्यात. वाटेत बदलून मिळत असेल तर कॉम्पोझिट, नाहीतर लोखंडी. सोबत एक लहान इंडक्शन, जिथे प्लग मिळेल तिथे वापरण्यासाठी. गाडीची सजावट करून देणाऱ्याला गॅसची जोडणी कागदावर काढायला सांगा आणि नोंदणीत बदल दाखवून घ्या. युरोपात राहणाऱ्या आपल्या माणसांनी मात्र तिथली रिफिल टाकी निश्चिंतपणे घ्यावी. तिथल्या थंडीला आणि तिथल्या पंपांना तीच योग्य आहे.

मित्राची गाडी नोव्हेंबरात मिरजोळ्यातून निघाली. कप्प्यात पाच किलोचे दोन सिलिंडर होते. तुमचीही गाडी तयार होत असेल, तर पहिला सिलिंडर ठेवण्याआधी कप्प्यात बादलीभर पाणी ओता आणि ते सगळं रस्त्यावर पडतं का ते स्वतः वाकून बघा.